अजिंठ्याचे बूट

...म्हणजे पाय माझे, पायांवरचे फोड माझे, सहल माझी, आणि पायात काय घालायचं हे ठरवलं कोणी? घरच्यांनी, दारच्यांनी, आणि आमच्या पंचफुला आत्यानं, जी आयुष्यात कामठीच्या पुढे गेलेली नाही! मला कोणी विचारलं का? नाही. मी काही बोलले का? नाही. आणि तुम्हाला खरं सांगते, मला काही वाटलंही नाही.

मी मुळात बोलतच नाही हो. वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणते, तर तो ‘हजर’ माझ्याच बाकापर्यंत पोचतो आणि तिथे बसतो. डोंगरे बाई म्हणतात, “सुकेशनी नाही आली वाटतं?” आणि मी त्यांच्या समोर, पहिल्या बाकावर! मग शेजारची जिजा ओरडते, “आली हाय ना बाई, हे काय बसली!” मग सगळा वर्ग माझ्याकडे बघतो, मी खाली बघते. खाली बघितलं की काय दिसतं? पाय. सगळ्यांचे पाय. म्हणून मला शाळेतल्या प्रत्येक मुलीची चप्पल पाठ आहे, तोंडं मात्र निम्म्या जणींची ओळखता येत नाहीत.

तर, नववीची सहल अजिंठ्याला जाणार असं ठरलं. आता आमच्या घरी, नागपुरात इंदोऱ्याला, भिंतीवर एक कॅलेंडर आहे. साल कधीच उलटून गेलं, खालची तारखांची पानं फाडली, चित्र ठेवलं. अजिंठ्याचं चित्र, हातात कमळ घेतलेले बोधिसत्त्व, डोळे खाली झुकलेले. आई रोज त्यांच्यापुढे उदबत्ती लावते. पण छापणाऱ्यानं काय केलं, चित्र कमरेपाशी कापलं! खाली दुकानाचं नाव. मी लहानपणापासून बघते आणि मला एकच प्रश्न पडतो... हसू नका... यांच्या पायात काय आहे? म्हणजे माणूस राजवाडा सोडून निघतो, एवढं चालतो, रानं तुडवतो, तर निघताना पायात काहीतरी घातलं असेल ना? चामड्याचं? लाकडाचं? की काहीच नाही? मला अजिंठ्याला जाऊन तेवढंच बघायचं होतं. बाकी लेणी जिजानं बघावीत.

आणि मला स्वतःला काय घालायचं होतं? माझं ठरलेलं होतं. निळ्या पट्ट्याची रबरी सिलीपर. पातळ तळवा, वजन नाही, पाय सरकवला की निघालो, झटकला की मोकळे. भिजली तर पुसा, मळली तर नळाखाली धरा. प्रवासाला पायात असं काहीतरी पाहिजे की ते आहे हेच आपण विसरावं! पण हे मी बोलले का? मनात बोलले. मनात मी फार छान बोलते.

घरात सभा भरली. पंचफुला आत्या म्हणे, “पिलास्टिकचे बूट घे वं, गुलाबी! धुतले का नवे. माह्या नणंदेच्या पोरीले हायेत, पाय कसे चमकून राह्यतात!” चमकतात कारण आत घाम साचतो, पाऊल टाकलं की फचक, फचक, मी ऐकलंय ना! आई म्हणाली, “सँडल घेऊ, लग्नातई घालता येईल.” लग्न कोणाचं ते विचारायची माझी छाती नाही. शेजारचे रुपराव काका, ते एकदा पचमढीला जाऊन आले, तेव्हापासून मोहल्ल्यात कोणी कुठेही निघालं की सल्ला देतात, ते बाबांना म्हणाले, “चंद्रभानजी, पहाड म्हणजे मजाक नाही! चामडी बूट पाहिजे, खाली खिळे ठोकलेले. नाही तं पोट्टी घसरली म्हणून समजा.” खिळे! मी लेणी बघायला चालले होते की लढाईला? सगळे माझ्या पायांकडे बघत होते आणि मी चहाचे कप उचलत होते. मला काही वाटलं नाही.

त्या गोंधळात एकदाच माझ्या तोंडून निघालं, “सिलीपर...”

“अवं बाप्पा!” आत्यानं कपाळावर हात मारला. “सिलीपर घालून अजिंठ्याले? सिलीपर नळावर जाले असते! लोक काय म्हणतीन, याइची पोट्टी नळावरूनच गाडीत बसली?”

आणि मग बाबा बोलले. आमचे बाबा मिलमध्ये सूतखात्यात आहेत, तिथल्या आवाजानं त्यांना मोठ्यानं बोलायची सवय, पण तेव्हा हळू बोलले. म्हणाले, “माहा बाप गावात पाटलाच्या वाड्यावरून जाये तं चप्पल हातात घेऊन जाये. पायात नाही, हातात. मी मागं चालो, मले वाटे, चप्पल हातातच घ्याची असते. माही पोरगी अजिंठ्याच्या पायऱ्या बूट घालून चढंन. लेसवाले. कोणी काढ म्हटलं तरी काढजो नोको, बेटा.”

आता सांगा. यावर सिलीपर मागता येते का?

मग सीताबर्डीवरचं दुकान. दुकानदार मला विचारत नव्हताच, बाबांना विचारत होता, “भाईसाब, बेबी का कौन सा नंबर?” मी तिथेच उभी, पायांसकट! त्यानं डबे काढायला पाठ फिरवली आणि बाबा पाकीट चाचपत होते तेवढ्यात मी हळूच खालच्या फळीवरची निळ्या पट्ट्याची सिलीपर पायात सरकवली. दोन पावलं टाकली. तुम्हाला सांगते, काहीच घातलं नाही असं वाटलं... फरशीचा गारवासुद्धा कळला! मग बाबांनी वळून बघितलं, मी पाय काढून घेतला. सिलीपर जागच्या जागी. माझी सहल खरं म्हणजे तिथेच संपली.

पांढरे कॅनव्हासचे बूट आले. माझ्या मापापेक्षा एक नंबर मोठे, कारण पाय वाढता आहे! आमच्या घरी सगळं वाढत्या अंगाचं घेतात, माझा फ्रॉक सातवीपासून मला ‘पुढच्या वर्षी’ बसणार आहे. मोठे तर मोठे, आईनं बोटांपाशी कापूस कोंबला, वर दोन-दोन मोजे. तरी टाच उचलली की बूट मागे राहायचा. मग निघायच्या दिवशी, स्टेशनवर, बाबा फलाटावर गुडघे टेकून बसले, सगळ्या मुलींसमोर, आणि लेस घोट्याभोवती दोन वेढे घेऊन आवळून बांधली. गाठ मारली ती मिलची. तिथे दिवसभर तुटलेलं सूत जोडायचं, ती गाठ इतकी बारीक की दिसत नाही आणि इतकी पक्की की सुटत नाही. “आता बूटच काय, पायई निंघत नाही,” बाबा म्हणाले आणि हसले. ते सहसा हसत नाहीत. गाडी हलली.

जळगावपर्यंत बसून बसून पाय सुजले. अंगठ्यात मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. मला काही वाटेना... म्हणजे खरोखरच वाटेना, बोटं आहेत की नाहीत तेच कळेना.

आणि एसटीतून उतरून, पायऱ्या चढून, पहिल्या लेण्यापाशी पोचलो, बाबा म्हणाले होते तसं बूट घालून चढले हो मी, ताठ मानेनं चढले, तर दारात पहारेकरी. म्हणतो काय?

“ताई, पायातलं काढायचं. सगळ्यांनी.”

आता हे आमच्या सभेत एकालाही माहीत नव्हतं! खिळ्यांवर चर्चा झाली, गुलाबी रंगावर झाली, पण आत जायला काढावं लागतं हे कोणाला ठाऊक? ना रुपराव काकांना, ना आत्याला. सगळ्या मुलींनी सटासट चपला काढल्या. जिजाच्या पायात काय होतं? निळ्या पट्ट्याची सिलीपर! ती अर्धी आत पळाली तेव्हा तिची एक सिलीपर अजून उलटी पडत होती.

मी बसले. गाठ शोधली. सापडेना! सापडली, तर सुटेना! नखानं केलं, वेणीतल्या आकड्यानं केलं, जिजा परत आली, तिनं दातानं केलं, “थू! काय बांधलं वं तुह्या बाबानं, बैल हायेस का तू?” पाय ओढून बघितला, तर सुजलेला पाय, दोन मोजे, कापूस... बूट जिवाला चिकटलेला! शेवटी डोंगरे बाई आल्या. “अगं, बाकीच्या पुढच्या लेण्याला जातील! माझ्याकडे ब्लेड आहे, कापून टाक ती लेस!”

त्यांनी ब्लेड पुढे केलं. मी ब्लेडकडे बघितलं. मला फलाटावरचे गुडघे दिसले. मी मान हलवली.

“नाही?”

मी परत मान हलवली. माझा ‘नाही’ पहिल्यांदाच समोरच्यापर्यंत पोचला, आणि तोही नको तिथे!

बाई वैतागल्या. “मग बस इथंच. नाहीतरी चपलांजवळ कोणीतरी लागतंच.”

झालं. पूर्ण अजिंठा मी असा बघितला. या लेण्याबाहेर चपला, त्या लेण्याबाहेर चपला. मुली आत, मी बाहेर, पायात पांढरे बूट, समोर सगळ्यांच्या चपलांचा ढीग. एका माकडानं कुसुमची सँडल पळवायला बघितली ती मी वाचवली. कोणाची टाच आतून झिजते, कोणाचा अंगठा सैल झालाय, कोणी भावाची चप्पल घालून आलीय... विचारा, सगळं सांगते! आतून आवाज यायचे, “अय्या, किती सुंदर!” मग बाहेर, “माझी दुसरी कुठं गेली?” मी हातात देत होते.

जिजा बाहेर आली तेव्हा मी तिचा हात धरला. “कमळवाले दिसले?”

“हाव ना, मोठ्ठे!”

“त्यांच्या पायात काय होतं?”

“पाय कोण पाह्यते वं? अंधार होता अन् मागून ढकलून राह्यले होते!”

एवढ्या मुली आत गेल्या. मी एकेकीला विचारलं, तेसुद्धा मी, जी बोलत नाही. एकीनंही पाय बघितले नव्हते.

मला काही वाटलं नाही.

नागपूरला उतरले. घरी आत्या, आई, रुपराव काका, सगळे जमलेले. बाबांनी लेण्यांचं विचारलं नाही, चित्रांचं विचारलं नाही. माझ्या पायांकडे बघितलं.

“बूट काढाले नाही ना लागले कुठं?”

“नाही बाबा.”

“एकदाई?”

“एकदाही नाही काढले.”

खोटं बोलले का मी? सांगा ना! अक्षर न् अक्षर खरं. बाबा आईकडे वळले, “पाह्यलं, प्रयागा? एकदाई नाही!” मग रुपराव काकांकडे, “आख्खा अजिंठा बूट घालून फिरली माही पोरगी!” मग दारात जाऊन गल्लीला सांगितलं, मिलच्या आवाजात. ते परत आले, खाली बसले, माझा पाय मांडीवर घेतला, लेसचं एक टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. सुटली! एका ओढीत!

“टोक मालूम पाह्यजे फक्त,” बाबा म्हणाले.

बूट निघाले, मोजे निघाले, कापूस निघाला. पाय बाहेर आले, पण ते माझेच आहेत हे बराच वेळ त्यांनाही पटेना.

बाबांनी ते बूट पुसले, खडू लावून पांढरे केले, आणि ठेवले कुठे? कॅलेंडरखालच्या पेटीवर. आई म्हणाली, “अजी, तिथं कायले ठेवता बूट? बोधिसत्त्वापाशी?” बाबा म्हणाले, “राहू दे. तेई अजिंठ्याचे, हेई अजिंठ्याचे.”

आता रोज सकाळी उदबत्तीच्या धुरात मला दिसतं. वर कमरेपर्यंत कमळवाले बोधिसत्त्व, डोळे खाली झुकलेले, मध्ये दुकानाचं नाव, आणि बरोबर जिथे त्यांचे पाय यायला हवेत तिथे माझे बूट! म्हणजे एवढं हिंडून मला उत्तर मिळालं बघा, ते प्रवासाला पायात काय घालून निघाले असतील... कॅनव्हासचे. लेसवाले. एक नंबर मोठे.

त्यांनाही कोणी विचारलं नसेल.