झालं की धुतलं

...आणि वर मलाच विचारतात, "परीक्षानळी कुठे गेली?" आता जाईल कुठे परीक्षानळी? तिला काय पाय आहेत? धुतली! आतून ब्रश फिरवला, दोन पाण्यांनी विसळली, उलटी करून स्टँडवर लावली... इतकी चकाचक नळी त्या बोर्डाच्या परीक्षेत दुसऱ्या कुणाची नव्हती, आणि मार्क म्हणे शून्य! थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा बाबा कोण आणि परीक्षेत भांडी का घासतोय.

मी लवू परब. भांडुपला शाळेत शिपाई. पोरं मला लवूमामा म्हणतात, पोरांचे आईबाप मामा म्हणतात, मुख्याध्यापिका बाई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या, त्याही मामाच म्हणतात. बावीस वर्षं विज्ञानाच्या लॅबमध्ये. आता लॅबमध्ये शिपायाचं काम काय? तर आमचे नंदकुमार साहेब, लॅब असिस्टंट, टेबलाशी उभे राहून पोरांना प्रयोग करायला लावणार, प्रयोग संपला की ओरडणार, "झालं!" आणि झालं म्हटलं की मी धुणार. एवढंच. बावीस वर्षं. झालं की धुतलं, झालं की धुतलं... माझ्या कानाचा आणि हाताचा थेट संबंध आहे, मध्ये डोकं लागत नाही.

तर हे नंदकुमार साहेब निघाले रिटायर व्हायला. मला म्हणाले, "लवू, तुला सगळं येतं, माझ्या जागेवर तूच बस. फक्त एक दहावी पास हो." फक्त एक! जसं काही येताना कोथिंबीर आण. अहो, मी नववीतून शाळा सोडली. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा घरात शाळा कुणाला सुचत होती? पण त्यांच्या टेबलाशी एक खुर्ची आहे बघा, लाकडी, हाताची. बावीस वर्षं मी ती पुसली. एकदाही बसलो नाही. आता खोटं कशाला बोलू, त्या खुर्चीवर माझा जीव होता.

भरला मग सतरा नंबरचा फॉर्म, बाहेरून दहावीला बसायचा. एक्कावन्नाव्या वर्षी. घरी सांगितलं तर मालन, म्हणजे आमची मिसेस, बांगडे साफ करत होती, तिने मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, "आता दहावी करून तुम्ही खंय जातल्यात?" म्हटलं, कुठे जातोय, तिथेच, लॅबमध्येच, फक्त बेसिनकडून टेबलाकडे. आठ पावलं आहेत. मोजलीयत.

शिकवायला शीतल मॅडम. विज्ञानाच्या. वयाने माझ्या निम्म्या, पण काय शिकवतात! सकाळची पाळी सुटली की दुपारची भरेपर्यंत अर्धा तास मला घेऊन बसायच्या. पहिल्या दिवशी विचारलं, "लवूमामा, कॉपर सल्फेट म्हणजे काय?" मी म्हटलं, "दुसरा कप्पा, डावीकडून तिसरी बाटली, निळी." त्यांनी परत विचारलं, "आणि सोडियम?" म्हटलं, "सगळ्यात वर, रॉकेलमध्ये बुडवलेलं, त्याला पाणी लावायचं नाही." चुकीचं आहे का काही? पण पेपरात असं लिहायचं नसतं म्हणे. लोखंडाला म्हणे एफ-ई लिहायचं. का? तर त्याचं लॅटिन नाव. आता आमच्या खाली तीस वर्षं भंगारवाला ओरडतोय, लोहा, पत्रा, भंगार... एकदा तरी लॅटिनमध्ये ओरडला का?

पण खरी गंमत पुढे. पदार्थातले बदल! मॅडम म्हणाल्या, बदल दोन प्रकारचे. पदार्थ तोच राहिला, नुसतं रूप बदललं, तर भौतिक. बर्फाचं पाणी, पाण्याची वाफ, सगळं पाणीच. आणि पदार्थच नवा झाला, जुना हाताला लागणार नाही, तर रासायनिक. दुधाचं दही. लाकडाची राख. आणि मग एक सवय लावली मला. काहीही दिसलं की विचारायचं, भौतिक की रासायनिक?

तुम्हाला सांगतो, वाट लागली माझी! कांजूरच्या बाजूने वारा आला, कचऱ्याचा वास आला, सगळी बिल्डिंग खिडक्या लावतेय आणि मी गॅलरीत उभा. कुजणं... भौतिक की रासायनिक? रासायनिक! शेजारचा सुयोग केस काळे करून आला. म्हटलं, सुयोग, भौतिक की रासायनिक? तो चार दिवस बोलला नाही. एकदा आमटीत मीठ जास्त पडलं. मालन चिडलेली. म्हटलं, अगं, काळजी कशाला, हा भौतिक बदल, पाणी आटवलं की मीठ जसंच्या तसं परत मिळतं. तिने पातेलं माझ्यापुढे ठेवलं. "मगे आटवा. आणि मीठच खावा." त्या रात्री घरात जो काय बदल झाला तो कुठला, हे मी विचारलं नाही.

तर परीक्षा. प्रॅक्टिकलला केंद्र आलं नाहूरच्या शाळेत. परकी लॅब. परकी बाटली, परका कप्पा, दुसऱ्या कप्प्यात डावीकडून तिसरं काय, तर चुन्याची निवळी! पण प्रयोग कुठला आला? लोखंडी खिळा कॉपर सल्फेटच्या द्रावणात. अहो, हा प्रयोग मी झोपेत मांडेन! खिळा पॉलिशपेपरने घासायचा, निळ्या द्रावणात सोडायचा, वीसेक मिनिटं थांबायचं. खिळ्यावर तांबूस थर चढतो, निळं द्रावण फिकं पडत हिरवट होतं. पॉलिशपेपर तर माझ्या खिशातच असतो, लोकांच्या खिशात रुमाल असतो तसा.

शेजारच्या टेबलावर चेतना म्हणून बाई. माझ्यासारखीच, बाहेरून बसलेली, हॉस्पिटलात आया आहे, नर्सिंगचा कोर्स करायचाय म्हणून दहावी. म्हणाली, "काका, माझा खिळा लाल होतोय, काही बिघडलं का?" म्हटलं, व्हायलाच पाहिजे, ते तांबं आहे, शांत बस. परीक्षक अजून यायचे होते. आम्ही दोघं बसलो आपापल्या खिळ्याकडे बघत. झकास थर चढला. दोन्ही खिळे असे लालबुंद! मला इतका आनंद झाला, काय सांगू, बावीस वर्षांत माझा स्वतःचा हा पहिला प्रयोग होता.

आणि ती चेतना... तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "हुश्श. झालं!"

बस.

मला काही आठवत नाही. खरंच नाही आठवत. भानावर आलो तेव्हा मी बेसिनपाशी होतो आणि नळ चालू होता. माझी नळी धुऊन स्टँडवर उलटी. चेतनाची नळी धुऊन स्टँडवर उलटी. आणि दोन्ही खिळे पॉलिशपेपरने घासून नव्यासारखे चमकवून ठेवलेले, कारण आमच्याकडे पुढच्या बॅचला तेच खिळे वापरतात ना!

तेवढ्यात परीक्षक आत आले. श्यामसुंदर सर. उंच, बारीक, जाड चष्मा. बेसिनपाशी पिकल्या केसांचा माणूस उभा दिसला, म्हणाले, "मामा, जरा पाणी आणा." आणि मी आणलं! ग्लास विसळून, खाली बशी धरून! त्यांनी प्यायलं, यादी काढली, माझा बैठक क्रमांक वाचला. "हा उमेदवार कुठाय?" म्हटलं, "सर... मीच." त्यांनी ग्लासाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ग्लास हळूच खाली ठेवला. "मग परीक्षानळी कुठे गेली? नळी नाही, तर मार्क शून्य!"

चेतना रडायलाच लागली. "सर, माझं झालं होतं हो! या काकांनी धुतलं!" आता सांगा, माझा मार्क गेला तर मी पुन्हा बेसिनवर, तिथून मला कोण हलवणार? पण त्या पोरीचं काय? लाज वाटली मला. जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. घाम पुसायला खिशात हात घातला, तर हातात काय आलं? पॉलिशपेपर!

आणि त्याच्यावर तांबूस भुकटी. ताजी! ओलसर!

म्हटलं, "सर, हे बघा, तांबं. द्रावणातलं तांबं खिळ्यावर बसलं, खिळ्यावरचं कागदावर आलं. ही खूण." श्यामसुंदर सरांनी चष्मा वर केला, कागद नाकाशी नेला. "हे दोघांचं एकाच कागदावर?" म्हटलं, "डावीकडचं तिचं, उजवीकडचं माझं." सर म्हणाले, "कशावरून?" म्हटलं, "सर, बावीस वर्षं घासतोय. मी दोन मुलांचा प्रयोग कधी एकमेकांत मिसळला नाही."

सर हसले नाहीत. ओळीने प्रश्न सुरू. तांब्याचं चिन्ह? जिभेवर आलं होतं दुसरा कप्पा, गिळलं आणि म्हटलं, सी-यू. बदल भौतिक की रासायनिक? रासायनिक. मग म्हणाले, "पण तुम्ही तर खिळा घासून परत होता तसा केलात. मग बदल उलटला की नाही?" इथे फसवत होते मला! म्हटलं, "नाही सर. आमच्या शाळेत एक खिळा आहे, मी लागलो तेव्हा माझ्या करंगळीएवढा जाड होता. दर वर्षी द्रावणात जातो, दर वर्षी मी घासतो, दर वर्षी चमकतो. आज तो दाभणाएवढा राहिलाय. चमकतो तसाच, पण त्यातलं लोखंड दर वेळी थोडं थोडं द्रावणात गेलं. मी ते बेसिनमध्ये ओतलं. ते परत येत नाही."

सरांनी यादीवर काहीतरी टिपलं. मग चेतनाला पाच प्रश्न विचारले, तिने रडत रडत पाचही बरोबर सांगितले. जाताना मला म्हणाले, "परब, ग्लास छान विसळला होता." आता याला काय म्हणायचं?

झालो पास. विज्ञानात एकेचाळीस! चेतनाचा फोन आला, तिला त्रेपन्न. म्हणजे बघा, धुतलं मी, चमकली ती. मालनने आख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले, सुयोगलासुद्धा. मग नंदकुमार साहेब रिटायर झाले, माझी ऑर्डर निघाली. लॅब असिस्टंट! खाकी गेली, नवा शर्ट आला, खिशाला नावाचा बिल्ला. सकाळी मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं. "अभिनंदन लवूमामा! एक अडचण आहे. तुमच्या जागी शिपाई कधी मिळेल काही सांगता येत नाही. तोवर जरा... तुम्हीच सांभाळून घ्या ना."

पहिल्या तासाला नववी ब. प्रयोग मीच सांगितला, पोरांनी केला, मीच टेबलाशी उभा राहून ओरडलो, "झालं!"... आणि मीच निघालो बेसिनकडे. आठ पावलं.

शीतल मॅडम दारातून बघत होत्या. हसून म्हणाल्या, "काय लवूमामा, झाला की नाही बदल? भौतिक की रासायनिक?" हातात ब्रश, कोपरापर्यंत साबण. म्हटलं, "मॅडम, भौतिक. पदार्थ तोच आहे. फक्त आता त्याला खुर्ची आहे."

खुर्ची कशी आहे म्हणता? अहो, अजून बसलोय कुठे!