पेढेवाल्याच्या लेकीची परीक्षा

हां, आता टाळ खाली ठेवा. मृदंगवाले महाराज, तुम्हीही हाताला जरा विसावा द्या. पूर्वरंग झाला, निरूपण झालं, मागच्या रांगेत निम्मे पेंगायला लागले, म्हणजे आख्यानाची वेळ झाली! मंडळी, ऐका.

संध्याकाळी चहाच्या वेळेला ह्याच गावातली एक बाई माझ्याकडे आली. नाव घेत नाही. ती समोरच बसलीय, उगाच सगळे माना वळवतील... वळवल्याच का? बघा, ही तुमची एकाग्रता. तर ती बाई म्हणाली, "महाराज, पोरगं म्हणतंय, मोबाइलवरचे खेळ बनवायच्या कंपनीत जायचंय. जाऊ देऊ का?"

आता मोबाइल म्हणलं की आम्हा कीर्तनकारांचं ठरलेलं आहे. दोन शिव्या हासडायच्या, तुम्ही टाळ्या वाजवायच्या, आणि घरी जाऊन तोच मोबाइल उशाशी घेऊन झोपायचं. पण त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. मला शिव्या देववेनात. आणि तिच्या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न होता. ज्या गोष्टीची गोडी आहे, तिच्यावरच पोट भरायला निघालं, तर गोडी राहते का? सांगा! तुम्ही कशाला सांगाल, मलाच विचारा. देवाचं नाव गोड लागलं म्हणून कीर्तनकार झालो. आता तारखा लावताना देव आठवतो का गाडीचं डिझेल, ते माझं मला ठाऊक.

त्या बाईला मी म्हणलं, माउली, रात्री या. एका पेढेवाल्याची गोष्ट सांगतो.

भूमकडच्या रस्त्याला एक फाटा आहे. तिथं गोरखआप्पा हुंबे म्हणून गृहस्थ. मागं खव्याची भट्टी, पुढं पेढ्यांचं दुकान. एसटी थांबली की लोक आधी दुकानाकडं पळणार, मग बाकीच्या कामाला! आप्पा माणूस सरळ, पण तोंडानं फटकळ. बायको मंदाताई, तीही काही कमी नाही. आणि एकच लेक, शिवकन्या. घरात तिला शिवू म्हणायचे.

आप्पांच्या दुकानाचा एक नियम होता. नवा माणूस कामाला लागला, की आप्पा त्याला म्हणायचे, "खा. पोट फुटेस्तोवर खा. कुणी बोलणार न्हाई." नवा गडी खूश! पहिल्या दिवशी नुसता आडवा हात मारणार. दुसऱ्या दिवशीही खाणार. पुढं एक-दोन दिवसांत असा वीट यायचा, की पेढ्याचा वास आला तरी तोंड फिरवायचा. मग पाळत नको, कुलूप नको. तुम्ही हसता, पण मिठाईच्या धंद्यातली ही जुनी रीत आहे.

शिवू बार्शीला कॉम्प्युटर शिकली. हुशार पोर. दोन ठिकाणी निवड झाली. एक, बँकेच्या कॉम्प्युटरचं काम, पगार बरा, खुर्ची पक्की. दुसरी पुण्यातली लहानशी कंपनी, खेळ बनवणारी. सोमवारी दोघांनाही कळवायचं होतं. शिवू म्हणाली, "आप्पा, मला खेळाच्या कंपनीत जायचंय."

"तिथं करायचं काय?"

"खेळायचं."

आप्पांच्या हातातलं उलथनं कढईतच राहिलं. "खेळायचे पैसे देतंय? कोण हाय असला येडा?"

मग तिनं समजावलं. खेळ अर्धवट तयार असतो. त्यातला माणूस मधेच भिंतीत अडकतो, दार उघडतच नाही, असल्या शंभर खोडी असतात. तेच तेच खेळून त्या खोडी शोधायच्या आणि बनवणाऱ्याला सांगायच्या. लोकांच्या हातात जाईपर्यंत खेळ नीट झाला पाहिजे. मंदाताईंना पटकन कळलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी तांदूळ निवडायचं काम. खडा दुसऱ्याच्या दाताखाली यायच्या आत आपल्याला सापडला पाहिजे."

पण आप्पा काही हलेनात. शेवटी म्हणाले, "ठीक हाय. दुकानाचा नियम तुलाबी. आजपासून सोमवारपर्यंत सकाळी उठल्यापासून एकच खेळ खेळायचा. दुसरा न्हाई, तोच. सोमवारी तुला गोडी राहिली, तर मी सोता एसटीत बसवून देतो. वीट आला, तर बँक. कबूल?"

शिवू हसली. म्हणाली, "कबूल!" बापानं दिवसभर खेळ म्हणून सांगितलेलं पोर उभ्या तालुक्यात कधी कुणी पाहिलंय का? तिला वाटलं, देव पावला.

खेळ कसला होता? एक माकड. त्यानं भिंतीवरून भिंतीवर उड्या मारायच्या आणि शेवटी त्याला आंबा मिळायचा. एवढंच. मंडळी, असे कान टवकारू नका, आंब्याचं पुढं सांगतो.

पहिला दिवस मजेत गेला. दुसरा बरा गेला. मग डोळे चुरचुरायला लागले, बोटं दुखायला लागली. जेवताना माकड, झोपताना माकड! डोळे मिटले तरी भिंती पुढून सरकायच्या. आप्पा भट्टीवरून बघायचे आणि गालात हसायचे. शनिवारी दुपारी शिवूनं मोबाइल पलंगावर भिरकावला आणि ढसाढसा रडली. "आप्पा, आला मला वीट. ते माकड दिसलं तरी तोंड फिरवावं वाटतंय."

आप्पा जिंकले. म्हणाले, "मग झालं की! दगडापेक्षा वीट मऊ, बँकेत जा." पण जिंकलेल्या माणसाचं तोंड असं असतं का? आप्पांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मंदाताईंनी विचारलं, तर म्हणाले, "उन्हानं." भट्टीपुढं जन्म गेलेल्या माणसाला ऊन लागतं होय?

रविवारी सकाळी शिवू गल्ल्यावर बसून होती. सोमवारी बँकेला फोन करायचा, मिटलं. मंदाताईंनी तो मोबाइल उचलला. म्हणाल्या, "बघू तर खरं, माझ्या लेकीला रडवणारं माकड हाय तरी कसलं." आणि खेळायला लागल्या. जन्मात पहिल्यांदा! दोन भिंती पार केल्या, तिसऱ्या भिंतीला माकड पडलं. पुन्हा खेळल्या, पुन्हा तिथंच पडलं. पुन्हा पडलं. शेवटी मोबाइल पुढं करून म्हणाल्या, "घे बाई. माझंच डोकं चालत न्हाई."

शिवू मागं उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "थांब आई. तुझं न्हाई चुकत. तिथं धरायला फांदी हाय, पण फांदीचा आन् भिंतीचा रंग एकच हाय. तुला दिसणार कशी?" मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मी आठवडाभर तिथनं उड्या मारल्या. हाताला सवय झाली, म्हणून मला कधी दिसलंच न्हाई."

मंडळी, इथून त्या पोरीला वेगळंच वेड लागलं. ती स्वतः खेळेना! पेढे बांधून होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या हातात मोबाइल द्यायची. म्हणायची, "जरा खेळून बघता का?" दूधवाला पडला तिसऱ्या भिंतीला. लग्नाला निघालेल्या दोघी बहिणी पडल्या तिसऱ्या भिंतीला. शिवू स्टुलावर बसून फक्त त्यांच्या तोंडाकडं बघायची. कपाळाला आठी कुठं पडते, कंटाळा कुठं येतो, डोळे कुठं मोठे होतात. सांगायचा मोह व्हायचा, म्हणून स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरायची.

एक धोतरवाले बाबा एसटीची वाट बघत होते. त्यांच्याही हातात माकड दिलं. बाबा पडले, पुन्हा पडले, माकडाला दोन कचकचीत शिव्या घातल्या, आणि कशी कोण जाणे, फांदी सापडली. माकड गेलं पार. आंबा मिळाला! बाबांच्या तोंडात दात नाही, पण हसले असे, की अख्खं दुकान हसलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "बाबा, तुमची एसटी गेली की." बाबा म्हणाले, "जाऊ दे. दुसरी यील."

बाबांबरोबर शिवूही हसत होती. कालच ढसाढसा रडलेली पोर ती! आणि आप्पा भट्टीवरून बघत होते.

दुकान मोकळं झालं. आप्पा खाली आले, खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. "तुला तर वीट आलता ना गं?"

"आलाय की. अजून हाय."

"मग हे काय चाललंय?"

"मला खेळायचं न्हाई आप्पा. ते खेळताना बघायचंय. ते कुठं पडतात ते मला शोधायचंय."

आप्पा बाकावर बसले. मग पोटातलं ओठावर आलं. "शिवू, पैशाला मी भीत न्हाई गं. मी लहान असताना मला पेढा म्हंजी जीव की प्राण. सणाला एक मिळायचा, तर दोन दिवस पुरवून खायचो. तुझ्या आज्यानं मला ह्या भट्टीवर बसवलं. महिनाभरात माझ्या तोंडची चव गेली, ती परत कधी आली न्हाई. तू खेळताना एकटीच हसायचीस, ते मी लहानपणापासनं बघतोय. ते हसू तुझं जाऊ नये, म्हणून नको म्हणतोय."

बापाचं काळीज बघा! आपण म्हणतो, बाप आडवा आला. आडवा का आला, ते विचारतो का कधी?

शिवूचे डोळे भरले. ती म्हणाली, "गेलं ना आप्पा. तुम्हीच ह्या आठवड्यात घालवलं. माझी गोडी गेली, आणि तरीबी जावंसं वाटतंय."

तेव्हा मंदाताई पुढं झाल्या. म्हणाल्या, "अहो, चव गेली तर भट्टी का न्हाई विझवली? मी सांगते. गिऱ्हाईक पेढ्याचा पहिला तुकडा तोंडात घालतं ना, तवा तुमचं उलथनं थांबतं. लग्न होऊन आले तवापासनं बघते. त्या वक्ताला मी हाक मारली तरी तुम्हाला ऐकू येत न्हाई. सोता खात न्हाई, पण दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून पोट भरतंय तुमचं. पोरगी कुणावर गेली, हे मला विचारता व्हय?"

मंडळी, खेळणारे गोकुळात पुष्कळ होते. खेळवणारा एकच होता! आणि कसा? डाव हरला, तर जिंकलेल्या गड्याला पाठीवर घेऊन फिरायचा. तिन्ही लोकांचा धनी, पण गवळ्याच्या पोराला पाठुंगळी घेताना त्याला कमीपणा वाटला नाही. गड्याच्या तोंडावरचा आनंद हाच त्याचा आंबा. खायची गोडी आठवड्यात संपते, बाबांनो. खाऊ घालायची गोडी संपत नाही.

आप्पांनी मान खाली घातली. पण माणूस व्यवहारी, असा कसा सोडेल? "कंपनी बुडाली तर?"

शिवूनं खोटा धीर दिला नाही. म्हणाली, "बुडंल पण. तिथं काम करणाऱ्यांना मी विचारलंय. पगार बँकेपेक्षा कमी. खेळ बाहेर पडायची तारीख आली की रविवार बिविवार काही न्हाई. आणि कधी कधी वरून निरोप येतो, हा खेळ बंद, तुम्ही घरी जा. हे सगळं हाय."

"आणि तरीबी?"

"तरीबी."

आप्पांनी सोमवारी तिला स्वतः एसटीत बसवलं. पिशवीत पेढे दिले आणि बजावलं, "तू खाऊ नको. वाट." गाडी सुटल्यावर माणूस दुकानामागं जाऊन रडला, हे मला मंदाताईंनी सांगितलं.

मग काय, सगळं गोड झालं? छे! तसं सांगितलं, तर ह्या व्यासपीठावरून खोटं बोलल्याचं पाप मला लागेल. ज्या खेळावर शिवू दीड वर्ष राबली, तो खेळ बंद झाला. लोकांच्या हातात गेलाच नाही! एका माणसानंसुद्धा खेळला नाही. निम्म्या माणसांना घरी पाठवलं. शिवूला ठेवलं, पण तिचं मनच उडालं. तिनं घरी फोन लावला, कसंबसं एवढं सांगितलं, आणि नुसती हुंदके देत राहिली.

आप्पा म्हणाले, "शिवू, कढईतला खवा करपला की मी काय करतो?"

"कढई घासता."

"आन् त्याआधी?"

"त्याआधी... शिव्या देता."

"मग दे की शिव्या. रडायचं तेवढं रड. यायचं असंल तर घर तुझंच हाय, कुणी हसणार न्हाई. पण राहायचं असंल, तर कढई घास. दूध उद्याबी येतंय."

ती राहिली. आज तिथंच आहे. डोळ्यांना चष्मा लागलाय, रविवारचे घरी फोन चुकतात, मंदाताई कुरकुर करतात. पण एक खेळ बाहेर पडला बरं का. आप्पांनी तो दुकानात मोबाइलवर लावून ठेवलाय. स्वतः कधी खेळत नाहीत. गिऱ्हाईक खेळायला लागलं, की उलथनं थांबवून बघत बसतात, आणि आता खवा खरंच करपायला लागलाय!

तर माउली, तुम्ही विचारलंत, पोराला जाऊ देऊ का. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तुमचं पोर मी पाहिलेलं नाही. पण आज घरी गेल्यावर एक करा. पोरावर ओरडू नका. त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, "दे बाबा इकडं, मला खेळून बघू दे." खेळा. येणार नाही तुम्हाला. पडाल. पुन्हा पडाल. तेव्हा मोबाइलकडं बघू नका, पोराकडं बघा. "तुला जमत न्हाई, आण इकडं" म्हणून त्यानं मोबाइल हिसकावला, तर ते खेळणारं पोर आहे. त्याला दुसरं काही शिकू द्या, संध्याकाळी खेळू द्या, त्यात वाईट काही नाही. पण तुमच्या मागं उभं राहून, तोंडावर हात दाबून, आई आता पडते का पार होते म्हणून ते श्वास रोखून बघत राहिलं, तर त्याला अडवू नका. कष्ट आहेत, धक्के आहेत, पण ते त्याच्या खऱ्या कामाला निघालंय.

आणि बाकीच्यांनो, तुम्ही काय बाईकडं बघून हसताय? परीक्षा पोराची एकट्याची नाही. लेकराच्या शेजारी बसून त्याच्यासाठी पडायची तयारी तुमच्यातल्या किती जणांची आहे? हात वर करू नका, देवाला दिसतंय. घरी जा आणि पडून दाखवा.