लेकीनं पाठवलेल्या गोळ्या

नाही हो ताई, फेकून द्या असं मी कुठं म्हणतेय — पिशवीतून ती माशाच्या तेलाची बाटली डोकावली, म्हणून विचारलं. सासऱ्यांसाठी का? हृदयाचंच दुखणं ना त्यांचं? मग आत गेलात की डॉक्टरांना दाखवाच एकदा. तेलच तर आहे, ते काय औषध आहे थोडंच — आमच्याही घरी असंच वाटलं होतं.

आमचे ते त्या शेजारच्या खोलीत आहेत, बोलायला शिकताहेत. हो, या वयात. सुतार माणूस. मुलगी एकुलती एक, त्यांच्याच हाताखाली तयार झाली — हात असा बसलेला की हे तिला लाडानं मिस्त्रीणबाई म्हणायचे. आणि वर्कशॉप द्यायची वेळ आली तेव्हा दिलं कुणाला? पुतण्याला. का, तर बाईमाणसाला गिऱ्हाईक जुमानत नाही म्हणे. तिनं आपला रंधा तेवढा उचलला आणि दुसऱ्या गावी फर्निचरच्या कारखान्यात लागली. मग वर्षानुवर्षं अबोला. हे हट्टी, आणि तीही यांचीच लेक.

पुढं यांचे गुडघे सुजले. आत्याकडून तिला कळलं, आणि एक दिवस पार्सल आलं — आत ह्याच, माशाच्या तेलाच्या गोळ्या. आत्याजवळ म्हणाली होती, ओमेगा थ्री असतं त्यात, अंगातली सूज उतरते, हृदयालाही बरं. यांनी बाटली हातात घेतली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले, पाठ करून. मग सुरू झालं — सांगितलेली एक, पण हे सकाळी घ्यायचे, दुपारी घ्यायचे, झोपताना पुन्हा. मी म्हटलं, अहो, एवढ्या कशाला? तर म्हणे, पोरीनं पाठवल्यात, तुझं काय जातंय?

नंतर छातीत धडधड. ईसीजी काढला तर ठोके आपले मध्येच धावतायत, मध्येच अडखळतायत. गोळ्यांचं मीच सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, जास्त घेतल्या तर काहींच्या ठोक्यांची गडबड वाढते, बंद करा — आणि रक्त पातळ राहायचं औषध दिलं. बंद केल्या का यांनी? माझ्यासमोर केल्या. हत्यारांच्या पेटीत अर्धी बाटली सापडली, नंतर. नंतर म्हणजे — हृदयात गुठळी झाली, ती मेंदूत गेली, यांची वाचा गेली, त्यानंतर. गोळ्यांनीच झालं असं डॉक्टर म्हणत नाहीत हं. वय आहे, रक्तदाब आहे, नक्की कशानं ते सांगता यायचं नाही म्हणाले. पण पोरीला हे कोण पटवणार? ती जन्मभर स्वतःलाच बोल लावत बसेल.

नाही ना सांगितलं अजून. कुठल्या तोंडानं सांगू? हल्ली फोन करते ती. परवा म्हणाली, ‘आई, बाबांना बोलायचं नसेल तर राहू दे, नुसता फोन लाव त्यांच्या कानाला.’ लावला. ती कारखान्यातलं सांगत होती, कुठलं लाकूड आलंय, पॉलिश कसं बसत नाही — आणि हे ऐकत होते, डोळ्यांतून नुसती धार. तोंड उघडायचे, पण आवाज म्हणून फुटेना. तिला वाटतंय, बाबांचा राग अजून गेलेला नाही. शेवटी म्हणाली, ‘बरं बाबा, गोळ्या तेवढ्या घेत जा’ — आणि ठेवला.

अजून पाठवते ना. मला टाकवत नाहीत त्या. मीच घेते, रोजची एक — मला काय धाड भरलीय, पण घेते. रविवारी येतेय ती. आल्यावर दिसेलच की सगळं, नाही का? मी दारातच सांगू, का आधी तिला त्यांना बघू दे —

थांबा, दार वाजलं. आलेच ते. सरका जरा, बसू दे त्यांना. तुमचंही नाव पुकारलं वाटतं, जा तुम्ही. आणि ताई, त्यांच्यासमोर यातलं काही काढू नका. बोलता येत नाही, पण कळतं सगळं त्यांना.