मागे सरकलेली पिन

बारक्या : ...फ्यूज शाबूत आहे. रिलेही गेलेला नाही, हॉर्नचा काढून इथे लावून बघितला. तरी चावी फिरवली की मागे टाकीतला पेट्रोलचा पंप गप्पच.

वस्ताद : आणि इथला रिले हॉर्नला लावलास?

बारक्या : लावला की. आत्ता वाजला तो काय होता मग?

वस्ताद : मला वाटलं तू वाकलास. हल्ली वाकताना तसाच आवाज काढतोस.

बारक्या : बावन्न वर्षांचा झालो, वस्ताद. बारक्या म्हणणंही आता सोडा. माझ्या गॅरेजात मला शेठ म्हणतात.

वस्ताद : म्हणू दे. त्यांनी तुला बॅटरी उलटी जोडून रडताना पाहिलेलं नाही. पुढे बोल.

बारक्या : पुढे काय, गाडीचा कॉम्प्युटर गेला. तो हुकूम देत नाही, म्हणून रिलेचा स्विच लागत नाही, म्हणून पंप फिरत नाही. नवा मागवावा लागेल. महिना लागेल, दीड लागेल. जुनं मॉडेल आहे.

वस्ताद : स्कॅनर लावला होतास ना? काय आलं त्यावर? वाचून दाखव. मला मधोमध काळा डाग दिसतो, अक्षर नेमकं त्याच्यामागे लपतं.

बारक्या : पंप कंट्रोल सर्किट, ओपन.

वस्ताद : ओपन, म्हणजे वाट तुटलीय, असं कोण म्हणतं?

बारक्या : कोण म्हणजे? स्कॅनर.

वस्ताद : आणि स्कॅनरला कोणी सांगितलं? कॉम्प्युटरने. मेलेला माणूस उठून स्वतःची तक्रार लिहून देतो का रे? तो जिवंत आहे. हुकूम सोडतोय, वाटेत कुठेतरी हरवतोय. टेस्ट लॅम्प घे. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं कॉम्प्युटरजवळ, हुकमाच्या वायरवर. मी चावी फिरवतो. दिवा दोन सेकंद लागला तर कॉम्प्युटर निर्दोष.

बारक्या : तिकडे हात पोचत नाही.

वस्ताद : हात पोचत नाही की पोट आडवं येतं?

बारक्या : ऊन चढलंय, वस्ताद. तुम्ही आत बसा. मी बघतो काय ते.

वस्ताद : इतक्या वर्षांत मला आत बसा असं तू एकदाच म्हणालास, माझी बायको गेली त्या दिवशी. सरक.

बारक्या : अहो, पत्र्याची कड लागेल.

वस्ताद : लागू दे. रिलेचं सॉकेट कुठंय... हं. चार खाचा. पहिली घट्ट. दुसरी घट्ट. तिसरी... इथे टोच्या आतच जातोय. पिन मागे सरकलीय.

बारक्या : हादऱ्यांनी होतं कधी कधी.

वस्ताद : उभ्या गाडीला कसले हादरे? या पिनेला मागून पत्र्याची जीभ असते. ती दाबून धरल्याशिवाय पिन मागे येत नाही. हे तुला कोणी शिकवलं?

बारक्या : तुम्ही.

वस्ताद : गेल्या रविवारी बॅटरी बघायला आलास. मी न बोलावता.

बारक्या : ताईंचा फोन आला होता.

वस्ताद : ते आत्ता कळलं. काय म्हणाली?

बारक्या : म्हणाल्या, बाबांना धड दिसत नाही, तरी गाडी काढतात. कुणाच्या अंगावर घातली तर? दादा, कशीही करून बंद करा, पण त्यांना कळू देऊ नका. रडत होत्या हो. मी काय करणार? वायर कापायलाच आलो होतो. पण हे सगळं वायरिंग तुम्ही स्वतः ओढलेलं, कात्री चालेना. पिन तेवढी मागे घेतली.

वस्ताद : काम स्वच्छ केलंयस. कुठे ओरखडा नाही.

बारक्या : त्यापेक्षा शिव्या द्या.

वस्ताद : मीटर वाच.

बारक्या : आता मीटर कशाला?

वस्ताद : वाच. दाराच्या आतल्या बाजूला ऑइल बदलल्याची चिठ्ठी आहे, तुझ्याच अक्षरातली. तीही वाच.

बारक्या : चिठ्ठीवर एकाहत्तर हजार चारशे बारा. मीटरवर... एकाहत्तर हजार चारशे एकवीस. नऊ? चिठ्ठी तर पाच महिन्यांपूर्वीची आहे.

वस्ताद : तुझ्या गॅरेजपासून या फाटकापर्यंत किती भरतं?

बारक्या : नऊ.

वस्ताद : त्या दिवशी ऑइल बदलून येताना शाळेपाशी एक मुलगी सायकलवर समोर आली. अगदी समोर, म्हणूनच दिसली नाही. कडेला असती तर दिसली असती. ब्रेक तिने मारला, मी नाही. मला पुढे गेल्यावर आरशात दिसलं, सायकल आडवी पडलेली. उतरून गेलो. लागलं नव्हतं तिला. उलट मलाच म्हणते, आजोबा, तुम्ही थरथरताय. उरलेला रस्ता पहिल्या गिअरमध्ये आलो. गाडी इथे लावली ती लावलीच.

बारक्या : मग हे ताईंना का नाही सांगितलं? त्या रोज तुमच्याशी या गाडीवरून भांडतात.

वस्ताद : रोज.

बारक्या : म्हणजे?

वस्ताद : रोज सकाळी नऊला तिचा फोन. बाबा, काल गाडी काढली नाही ना? मी म्हणायचो, काढीन नाहीतर विकून खाईन, तू कोण सांगणार? मग ती चिडायची. चिडली की तिचं तोंड सुटतं, आईवर गेलीय. नवऱ्यावर घसरायची, मुलाच्या मार्कांवर, त्यांच्या वरच्या मजल्यावरचं पाणी हिच्या भिंतीत झिरपतं त्याच्यावर. वीस-पंचवीस मिनिटं. एवढं ती जन्मात माझ्याशी बोलली नव्हती.

बारक्या : आणि मी पिन काढल्यापासून?

वस्ताद : सोमवारी आला एक. म्हटलं, गाडी सुरूच होत नाही. म्हणाली, बरं झालं, काळजी मिटली. आज शनिवार.

बारक्या : तुम्ही करायचा एखादा.

वस्ताद : केला ना बुधवारी. काय झालं, पडलात का, म्हणाली. म्हटलं, काही झालं नाही. मग म्हणे, बाबा, मी कामात आहे. काही झालेलं नसलं तर काय बोलायचं, ते आम्हा दोघांनाही येत नाही. पिन बसव.

बारक्या : मला भीती वाटते, वस्ताद. नऊ किलोमीटर कबूल. पण उद्या तुमच्या मनात आलं तर?

वस्ताद : म्हणून सेल्फची वायर काढ. इंजिन फिरणारच नाही. धक्का मारून काढीन म्हणशील, तर धक्का मारणार कोण आणि आत बसणार कोण? आहे कोण इथे दुसरं? पण पंप चालू कर. सापडलेला फॉल्ट तसाच ठेवून मी बोनेट लावत नाही.

बारक्या : आणि ताईंना काय सांगू?

वस्ताद : सांग, म्हाताऱ्याने शोधून काढलं.

बारक्या : आधी तुमच्याशी खोटं बोललो, आता त्यांच्याशी बोलू?

वस्ताद : पंप चालू झाला, एवढंच बोल. त्यात खोटं काय? थांब, आधी माझ्याशी बोलून बघ. समज, मी ती.

वस्ताद, म्हणजे लेक : हॅलो दादा, कसे आहेत बाबा?

बारक्या : ताई, ते... पंप चालू झाला.

वस्ताद, म्हणजे लेक : असा कसा झाला? त्यांना या जन्मात सापडणार नाही म्हणाला होतात.

बारक्या : मी असं म्हणालो नव्हतो.

वस्ताद, म्हणजे लेक : म्हणालाच असाल. बरं, जेवतात का वेळेवर? संध्याकाळी बसतात कुठे? खोलीतला दिवा बदलून घेतला का त्यांनी?

बारक्या : हे सगळं विचारतील ताई?

वस्ताद : नाही विचारणार. पिन बसली का?

बारक्या : बसली. चावी फिरवा... आला आवाज. सेल्फची वायर काढतो... झालं. आता सेल्फ मारून बघा. नाही फिरत.

वस्ताद : हं. लाव फोन. स्पीकरवर ठेव.

बारक्या : हॅलो, ताई. हो, त्यांच्याकडेच आहे. ताई, त्यांनी शोधून काढलं. पिन. दिसत नाही, तरी हाताने चाचपून. पंप चालू झालाय.

लेक : दादा, तुम्हाला एवढं एकच काम सांगितलं होतं.

बारक्या : हो.

लेक : आता इतक्या लांबून मी काय करू? ह्या आठवड्यात कुठे जरा नीट झोप लागायला लागली होती मला.

बारक्या : ताई, ऐका ना, ती गाडी...

लेक : काय?

बारक्या : काही नाही. तुम्ही बोला त्यांच्याशी.

लेक : बोलून आजवर काय फरक पडलाय? ठेवा तुम्ही.

बारक्या : ठेवला त्यांनी.

वस्ताद : ऐकलं.

बारक्या : झोप लागायला लागली होती म्हणाल्या.

वस्ताद : ऐकलं म्हटलं ना.

बारक्या : सांगून टाका, वस्ताद. सायकलवाल्या मुलीचं नका सांगू हवं तर. सेल्फ काढलाय एवढं तरी सांगा. तिकडे जीव टांगणीला लागलाय त्यांचा.

वस्ताद : सांगतो.

बारक्या : नक्की?

वस्ताद : सांगतो रे. तू हात धू जा. साबण मोरीत आहे.

(वस्तादांचा फोन वाजतो. बारक्या आत जातो.)

वस्ताद : हॅलो.

लेक : बाबा, पंप चालू केलात म्हणे.

वस्ताद : केला. तुझा आवाज बसलाय का गं? सर्दी झाली?

लेक : विषय बदलू नका. तुम्ही आज गाडी बाहेर काढणार आहात?

वस्ताद : त्या भिंतीचं काय झालं? पाणी थांबलं?

लेक : नाही थांबलं. आता तर मुलाच्या पुस्तकांवर आलंय. बाबा, मी काय विचारतेय?

वस्ताद : आज नाही काढत.

लेक : आणि उद्या?

वस्ताद : उद्याचं उद्या विचार.