व्हय म्हाराजा म्हणायला काय जातं?

...नाही, तुम्हीच मला सांगा, संकष्टीचा कडक उपास, गॅसवर एकवीस मोदकांची उकड, मुलीचा सोमवारी द्यायचा प्रोजेक्ट, आणि संकष्टीच्याच संध्याकाळी माझी नोकरीची मुलाखत... हे सगळं एका बाईच्या एका दिवसात कोणी कोंबलं? देवाने? त्याला काय दुसरे उद्योग नाहीत? कोंबलं मीच. कारण मला नाही म्हणता येत नाही. आणि ही सवय, तुम्हाला सांगते, मला लागली आमच्या घरच्या गाऱ्हाण्यामुळे.

आमचं घर म्हणजे लालबागच्या चाळीतल्या दोन खोल्या. मी पद्मजा, नवरा हितेंद्र, लेक राधा, सासूबाई, आणि माझे सासरे कुशाबा, त्यांना सगळे आप्पाच म्हणतात. आप्पांची गिरणी बंद पडून जमाना झाला, पण आवाज अजून तिथल्या साच्या-मागांच्या खडखडाटावर चढणारा. मूळ गाव मालवणकडचं, त्यामुळे घरात खुट्ट झालं की आप्पा देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणार. म्हणजे काय, तर ते देवाला एकेक मागणं खणखणीत सांगणार आणि मागे उभ्या असलेल्या आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, 'व्हय म्हाराजा'. हितेंद्रच्या बढतीसाठी गाऱ्हाणं, राधाच्या तापासाठी गाऱ्हाणं, अहो, नवा फ्रिज आला तर त्याच्या कॉम्प्रेसरला दीर्घायुष्य मिळावं म्हणून गाऱ्हाणं! लग्न होऊन आल्यापासून मी आपली मागे उभी राहून व्हय म्हणतेय. आणि लोक म्हणतात, व्हय म्हाराजा म्हणायला काय जातं?

जातं हो, फार जातं. मागणं देवाकडे, पण करायचं कोणी? 'पोरीचो अभ्यास नीट होवंदे रे म्हाराजा'... अभ्यास घ्यायला देव बसतो? 'घरात पावण्यांचा येणाजाणा रवांदे'... त्या पाहुण्यांचा चहा देव टाकतो? बरं, स्वतःसाठी मी कधी काही मागितलंच नाही. मुलीच्या तापासाठी देवापुढे पदर पसरताना लाज वाटत नाही, पण मला शिक्षिका व्हायचंय हे सांगताना जीभ अडखळते. वाटतं, तो म्हणेल, आता हिचं काय मध्येच?

तरी राधा शाळेत रुळल्यावर हिय्या केला आणि बी.एड.ला नाव घातलं. कुकरच्या शिट्ट्या मोजत बालमानसशास्त्र वाचलं मी. पुस्तकात लिहिलेलं, मुलांशी शांतपणे बोला, आणि इकडे मी राधावर ओरडतेय की गप्प बस जरा, मुलांशी शांतपणे कसं बोलायचं ते वाचू दे मला! सासूबाई बिचाऱ्या वाईट नाहीत, पण मोदक बघून म्हणाल्याच, शिकलंस तां बरा केलंस गो, पण हल्ली तुझी पारी फाटता. आता पारी फाटते की मी फाटतेय, हे मोदकाला काय विचारायचं?

तर मुलाखत. परळच्या एका शाळेत कायमची जागा, आणि मुलाखत व्हिडिओवर. लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर, मागे चांगली चादर टांगलेली, साडी इस्त्रीची, निऱ्यांना पीठ, पण ते कॅमेऱ्यात दिसत नाही. सगळ्यांना बजावलं, आवाज करू नका. आप्पांनी विचारलं, त्यांका आमचो आवाज जातलो काय? म्हटलं, नाही आप्पा, म्यूट केलंय. केलंच होतं हो. पण आपण बोलायला लागलो की ते काढावं लागतं, हे सांगायचं राहिलं.

समोर मुख्याध्यापिका आणि संस्थेचे एक गृहस्थ. सगळं झकास चाललेलं. मग ते गृहस्थ म्हणाले, घरात लहान मुलगी, वयस्कर माणसं, घर आणि शाळा दोन्ही कसं सांभाळणार? हितेंद्रला नोकरी लागताना हे विचारलं होतं का कोणी? त्याला विचारलेलं, गाडी चालवता येते का. मी 'टाइम मॅनेजमेंट' म्हणायला तोंड उघडलं, आणि चादरीमागून आप्पांचा तो गिरणीतला आवाज...

"बा देवा म्हाराजा, आज आमची पद्मजा परीक्षेक बसली हा. दोन वर्षां तिना धड झोप घेवक नाय. पोरीचा केल्यान, माझ्या पायांक तेल लावल्यान, तुझो उपासय धरल्यान. आजपर्यंत तिच्यासाठी आमी तुझ्याकडे कायेक मागूक नाय, ती चूक आमची. तिका ही नोकरी गावांदे, आणि घरचा काम आमच्या चौघांच्या आंगार पडांदे रे म्हाराजा!"

आणि मागून सगळे, राधा सगळ्यात मोठ्याने, "व्हय म्हाराजा!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या वर्षांत त्या देवापुढे पहिल्यांदा माझं नाव निघालं होतं, हो. आणि सवयीचा परिणाम बघा, हात आपोआप जोडले गेले आणि मी थेट माइकमध्ये, मुलाखतीच्या मध्यावर, खणखणीत म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

ते गृहस्थ दचकून मागेच सरकले. मुख्याध्यापिकांनी चष्मा खाली केला आणि विचारलं, घर कसं सांभाळणार, त्याचं हेच उत्तर समजू का? आता लपवायला उरलंय काय? म्हटलं, हो मॅडम, चौघंही देवासमोर कबूल झालेत.

लागली नोकरी. खरंच लागली. मी पेढे वाटले आणि हितेंद्रला म्हटलं, आता सकाळचे डबे तुझे, व्हय म्हणालायस. तर हा मला म्हणतो, "अगं, गाऱ्हाण्यात व्हय म्हणायचं असतं, ऐकायचं कुठे असतं?" सासूबाई म्हणाल्या, माका वाटला, 'नोकरी गावांदे' हयसरच गाऱ्हाणा संपला. राधा म्हणाली, मी लहान आहे. रागावणार कोणावर? मीसुद्धा इतकी वर्षं तेच केलं ना? व्हय म्हाराजा म्हणायला काय जातं?

पण आप्पा तसले नाहीत. देवाला शब्द दिला म्हणजे दिला. शाळेच्या पहिल्याच दिवशी भल्या पहाटे कमरेला टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात हजर. कणीक परातीत कमी आणि खिडकीच्या गजांवर जास्त. आणि विचारणार सगळं त्याच आवाजात, पद्मजा, मीठ खंय? पद्मजा, हो गॅस खयसून पेटता? अख्खा मजला जागा! चपाती केली, तिला चपाती म्हणायचं ते केवळ वयाचा मान ठेवून. पण तोंडावर इतका आनंद, की नको कसं म्हणणार? मला नाही म्हणता येत नाही, सांगितलं ना...

त्यामुळे सध्या, तुम्हाला सांगते, मी पूर्वीपेक्षा तासभर आधी उठते. आप्पा मदतीला यायच्या आत स्वयंपाक उरकलेला बरा.