वॉर्डातली हवा

आयसीयूबाहेरच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"सासूबाईंना काय झालंय?"

"पाय मोडला होता. ऑपरेशन छान झालं, वॉर्डात काठी धरून चालायलाही लागल्या. आता फुप्फुसात बुरशी झालीय."

"अगंबाई, ती कुठून आली?"

"हवेतून, म्हणे. शेजारी नवी इमारत बांधतायत, तिची धूळ वॉर्डात येते. धडधाकट माणसाला काही होत नाही, आजाऱ्याला बाधते."

"धडधाकट माणूस इथे झोपायला येईल कशाला?"

"मी डॉक्टरांना तेच म्हणाले."

"मग?"

"म्हणाले, 'इमारत तुमच्यासाठीच तर बांधतोय.' बरं, तुमचं कोण आहे आत?"

"नवरा. आता बरे आहेत, आजच त्या वॉर्डात हलवतायत. हातापाया पडून खिडकीजवळची खाट मिळवलीय मी, त्यांना जरा मोकळी हवा लागावी म्हणून."