तुटक रेघ

नाही, नाही, आधी तोंडातलं थुंका आणि मग बोला. — माती होती ना ती? मी बघितलं की खिडकीतून. माझ्या मागच्या अंगणात वाकून चिमूटभर माती उचललीत, बोटांत चोळलीत, आणि चक्क दाताखाली धरलीत — चांगल्या घरच्या दिसता, पायात बूट आहेत, मग हा काय प्रकार? — काय? कचकचली तर बारीक रेतीचा गाळ, आणि लोण्यासारखी लागली तर चिकणमाती? असं शिकवतात तुम्हाला? पदवी देताना? — बरं, मग आमची कशी लागली? — कुंपणाच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरीच? हे बघा, मला दुधखुळी समजू नका. एकाच अंगणात दोन तऱ्हेची माती कुठून येईल? आमच्या वडिलांनी एकच अंगण घेतलं होतं, कुंपण आम्ही नंतर घातलं.

दाखवा ते ओळखपत्र. — ह्यात केस लांब आहेत. — कापले? कशाला? — असो, तुमचे केस. भूगर्भ खातं... म्हणजे पाणी शोधणारे? — नुसते खडक? कुठं कुठला खडक, कुठं गाळ, त्याचा नकाशा? आणि तो कुणी मागितला होता तुमच्याकडे? इथं लोकांना डोक्यावरचं छप्पर धड नाही, आणि तुम्ही पायाखाली काय आहे ते रंगवत हिंडताय. आणि रंगावरून आठवलं — माझ्या फाटकाच्या खांबावर तो तांबडा ठिपका आणि आकडा कुणी काढला? तुम्हीच ना? — इथं उभं राहून बघितलं, एवढीच खूण? मग बघितलंत, झालं, रंग कशाला फासायचा! मागच्या गल्लीत असाच आकडा आला होता, आणि आठवड्याभरात रस्ता रुंद करायला माणसं हजर. तेही असंच गोड बोलत होते, तुमच्यासारखं. पुसून जायचं तो. आत्ता नाही, जाताना. आधी मला उत्तर द्या — तिनं पाठवलंय ना तुम्हाला?

ती म्हणजे कोण काय! माझी धाकटी बहीण. पलीकडच्या अर्ध्या घरात राहते ती. राहते म्हणजे — आजपर्यंत. ती बघा गाडी लागलीय तिच्या दारात, हमाल कपाट चढवताहेत. मुलाकडे चाललीय, दुसऱ्या गावी, कायमची. मला कुणी सांगितलं नाही हो, मला कोण सांगतंय — गाडीवाला चुकून माझ्या दारात आला पत्ता विचारत, तेव्हा कळलं. आणि नेमक्या आजच तुम्ही हातोडा घेऊन उगवलात! कुठंतरी पाणी मुरतंय. सकाळी आधी तिच्या दारात होतात तुम्ही, नाही म्हणू नका. तिनं पाणी दिलं तुम्हाला, स्टीलच्या उंच पेल्यातून — तो पेला आईचा, वाटणीत माझ्याकडे यायचा होता, जाऊ दे. बराच वेळ उभ्या होतात. काय बोलत होती? — विचारत होती? काय विचारत होती? — नको, राहू द्या. मला काय करायचंय. ती काही विचारेल, आमचा संबंध संपला.

या आत, दारात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकवायचं नाहीये मला. बूट असू द्या. तुला अगंतुगं केलं तर चालेल ना? माझ्या मुलीएवढी आहेस. बस. तिथं नको — त्या स्टुलावर नको, ते डगमगतं — खुर्चीवर बस. आणि उघड तो नकाशा, बघू दे काय काळंबेरं केलंयस ते. — हा रस्ता. ही टेकडी. हे हिरवं काय? — काळा खडक हिरव्या रंगात? का? तुमच्याकडे काळा रंग संपला का? — आणि हा तांबूस पट्टा गाळाचा, बरं. आणि ही रेघ ग? टेकडीवरून उतरली, ओढ्याच्या काठानं आली, आणि ही — हे आमचं घर ना? आमच्या घरातून चाललीय की ही! — भ्रंश? म्हणजे? — जमिनीचे दोन तुकडे एकमेकांना घासून सरकलेत, आणि ही त्यांच्यामधली जागा? कधी सरकले? — माणसं नव्हती तेव्हा! आणि अजूनही केसभर, कधीमधी, पाऊसपाण्यानं माती फुगली-आकसली की जास्त? हं. म्हणजे तू असं म्हणतेयस, की माझ्या घराची भिंत तडकली ती जमिनीमुळं. टाकीमुळं नाही. असंच ना? किती पढवलंय ग तुला तिनं!

ऐक. आता तुला खरं काय ते सांगते. धाकटीच्या नवऱ्यानं — आता नाही तो, पण होता तेव्हा भारी हौशी — त्यानं त्यांच्या स्वयंपाकघराखाली पाण्याची टाकी खणली. मला न विचारता. सामाईक भिंतीला लागून! मी म्हटलं, पाया हलेल. तो म्हणाला, ताई, तुम्हाला काय कळतं त्यातलं. आणि त्याच पावसाळ्यानंतर ही बघ — ये इकडे — ही भेग. फरशीपासून निघालीय ती थेट तुळईपर्यंत. मी म्हटलं, भरून दे. तो म्हणाला, टाकीचा काही संबंध नाही. मी धाकटीकडे बघितलं, म्हटलं ती तरी माझ्या बाजूनं बोलेल — मी वाढवलंय तिला, आई अंथरुणावर होती तेव्हा वेण्या मी घातल्यात तिच्या — तर ती मूग गिळून गप्प. एक शब्द नाही. तेव्हापासून मीही एक शब्द नाही. मला तर पक्कं वाटतं, भिंत पडावी, मी कंटाळून निघून जावं आणि सगळं अंगण त्यांना मिळावं, हाच बेत होता. — मग आता तीच का चाललीय म्हणतेस? तेच तर! ती का चाललीय? त्यातही काहीतरी असणारच.

हात नको लावू. — मोजून काय करणार? — खाली भरलीय, वर नाही, बरोबर. दरवर्षी मी सिमेंट लावते, दरवर्षी पुन्हा उकलते. — वर का नाही? पोचत नाही माझा हात. — स्टूल? स्टूल सहज आहे तिथं. बायका बसतात स्वयंपाकघरात, नाही का बसत? — भिंतीला चिकटून का म्हणजे? तू खडक बघायला आलीस की माझं सामान? — गार वाटतं तिथं, म्हणून. तिथून वारा येतो जरा. आणि... येतो कधी आवाज. खोकते ती. सकाळी उठली की आधी खोकते, मग भांड्यांचा आवाज, मग रेडिओ, तोही कर्कश्श, मेलीला बरोबर लावता येत नाही, सुई नेहमी दोन स्टेशनांच्या मधे. परवा दोन दिवस खोकलाच ऐकू आला नाही, तर मी — काही नाही. मी काय करणार? कचरा टाकायला म्हणून फाटकापर्यंत गेले, तिच्या दोरीवर ओले कपडे दिसले, आले परत. हे लिहून नको घेऊस. ह्याचा तुझ्या खडकाशी काय संबंध!

आणि मला सांग, ही रेघ तुटक का आहे? टेकडीवर सलग आहे, ओढ्यापाशी सलग आहे, आमच्या घराशी आली आणि ठिपके-ठिपके. — जिथं डोळ्यांनी खडक सरकलेला दिसला तिथं सलग, आणि जिथं नुसता अंदाज तिथं तुटक? हां! बघ! अंदाज! तुझ्याच तोंडून निघालं! म्हणजे आमच्या घराखाली तू काही बघितलेलं नाहीस. ती असेल, नसेल, कुणी सांगावं! मग टाकीच. टाकीच आहे ती. चल, उठ, आवर तुझं. — काय? भेगेआधी घरात आणखी काही वाकडं होत होतं का? तुला कशाला हव्यात त्या चौकशा? — नाही, काही नव्हतं. भक्कम घर. वडिलांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं. एक त्या कोठीचा दरवाजा तेवढा — तो बसायचा नाही चौकटीत. वडील दर हिवाळ्यात रंधा मारायचे त्याला. मारून मारून केवढासा राहिला बघ, खालून मांजर येतं. धाकटी रंध्यातून निघालेली लाकडाची वेटोळी गोळा करायची, कानात अडकवायची, म्हणायची, ताई बघ माझे डूल... आणि नळाची पाइप, ती तर तिथंच फुटायची, त्याच कोपऱ्यात, प्लंबर वैतागून म्हणायचा, तुमच्या घराला खोड आहे. — कधी म्हणजे? आम्ही शाळेत होतो तेव्हा. टाकीच्या आधी... हो, आधीच की. खूपच आधी. तेव्हा तिचं लग्नही —

काय बघतेस अशी? एका दरवाज्यावरून काही सिद्ध होत नाही. लाकूड फुगतं. सगळीकडे फुगतं.

विहीर? कुठली विहीर? आमच्याकडे विहीर नाही. — पत्र्याखाली? तुम्ही पत्रे उचलून बघता का लोकांचे! — बरं, आहे विहीर, बंद आहे. वापरत नाही कुणी. खाली बघायचंय? काही गरज नाही बघायची, मला पाठ आहे ती. लहानपणी आम्ही दोघी दुपारी आरसा घेऊन जायचो, उन्हाचा कवडसा आत सोडायचो — ती धरायची मला मागून परकराला, मी वाकायची. एक बाजू काळी कुळकुळीत, नुसता दगड. दुसरी बाजू तांबडी, मऊ, तिच्यातून पाणी पाझरायचं. आणि मधे राखाडी मळलेल्या कणकेसारखा पट्टा, वरून खाली सरळ, सुरी फिरवावी तसा. काळी तुझी, तांबडी माझी, असं वाटून घेतलं होतं आम्ही. ती रडायची, तिला तांबडी हवी असायची. मग मी दिली तिला. — हो, घराच्या दिशेनं. तो पट्टा थेट ह्या भिंतीच्या रोखानं —

ठेव ती पेन्सिल. ठेव म्हणते ना! तुम्ही बघितलेलं नाही, मी बघितलंय, आणि माझ्या बघण्यावर सलग रेघ ओढायची नाही. तुटकच राहू द्या. अहो, तुम्हाला कळत कसं नाही, ती सलग झाली म्हणजे त्या माणसानं टाकी खणली हे खरं पण भेग त्यानं पाडली नाही, आणि धाकटी गप्प बसली ती काही लबाडी नव्हती, तिला बोलण्यासारखं काही नव्हतंच — आणि मग इतकी वर्षं मी भिंतीला कान लावून बसले ती कशासाठी? दोन पावलांवर दार होतं तिचं! तो गेला तेव्हा ती ह्याच भिंतीपलीकडे रडत होती, मला हुंदका न हुंदका ऐकू येत होता, आणि मी इथं... त्याला कारण होतं ना माझ्याकडे! आता तुम्ही येणार, माती खाणार, आणि ते कारणच काढून घेणार? वर म्हणणार, कुणी पाठवलं नाही!

खरंच नाही पाठवलं तिनं? शपथ घे. — नुसतं तुझ्या साहेबानं? — मला आपलं वाटलं होतं. सकाळी तुला तिच्या दारात बघितलं, तेव्हा मनात आलं, निघायच्या आधी तिनं काहीतरी खटपट केली असेल, ताईला पटवायला, अशी आडून आडून. म्हणून तर मी तुला आत घेतलं, नाहीतर हातोडेवाल्या बाईला कोण आत घेतं! तिनं पाठवलं असतं तुला तर बरं झालं असतं ग. — हमालांचा आवाज थांबला वाटतं. दोर बांधताहेत. — काय म्हणालीस? हळू बोलू नकोस, एका कानानं कमी येतं मला. — सकाळी तिनं विचारलं? तुला? पाणी देता देता? काय, पुन्हा सांग, तिच्याच शब्दांत सांग.

'ताईनं पाठवलं का तुला?'

असं म्हणाली? ताई म्हणाली? — आणि तू काय म्हणालीस? — नाही म्हणालीस? अगं, नाही काय म्हणालीस! हो म्हणायला काय झालं होतं तुला! — खरं बोलायचं असतं म्हणे! — मग? मग काय केलं तिनं? — पेला परत घेतला आणि आत गेली... इंजिन लावलं बघ त्यांनी. नकाशा राहू दे इथं, मी खात नाही तो. ऊठ. माझे गुडघे नाही चालायचे तेवढ्या वेगानं, तुझ्या पायात बूट आहेत, पळ — गाडीपुढे उभी राहा आणि सांग तिला, हो, पाठवलंय म्हणावं. ताईनंच पाठवलंय. — आता खोटं कुठं आहे त्यात? जा ना ग!